पाटीवर काय लिहू: नोट, चलन की हुंडी?

कोनाडा: मामांचा नोटांचा संग्रह पुढच्या महिन्यात वाचनालयात मांडायचाय. प्रत्येक नोटेखाली छोटी मराठी पाटी. बाकीच्या झाल्या, एकीपाशी अडलेय. दहा डॉलर, रिचमंड, १७ फेब्रुवारी १८६४. लालसर गुलाबी रंगावर तोफ ओढणारे घोडे, उजवीकडे एक गृहस्थ, मागच्या बाजूला निळ्या वेलबुट्टीत मोठ्ठं 'टेन'. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेतली अकरा राज्यं वेगळी झाली, त्या सरकारची ही नोट; रिचमंड ही त्याची राजधानी. मी लिहिलं, 'अमेरिकेतील फितूर सरकारचे कायदेशीर चलन'. भाऊ म्हणतो, पाच शब्दांत दोन चुका आहेत. कुठल्या, ते सांगत नाही.

तांबडा पैसा: पहिली चूक फितूर. फितूर होणारा शत्रूला जाऊन मिळतो. गडाचा दरवाजा आतून उघडतो तो फितूर. ही राज्यं कोणाला जाऊन मिळाली? त्यांनी वेगळी चूल मांडली. म्हणून फुटीर. दोन्ही शब्द कानाला भावंडं वाटतात, पण फुटीर हा आपल्या फुटण्यातून आलेला आणि फितूर बाहेरच्या भाषेतून.

अर्धविराम: फुटीर म्हटलं की मला आमदारच दिसतात. 'बंडखोर' का नको?

तांबडा पैसा: बंडखोर ही उत्तरेची भाषा. दक्षिणेतले तर त्याला यादवीसुद्धा म्हणायला तयार नव्हते, राज्याराज्यांमधलं युद्ध म्हणायचे. पाटीवर बाजू घ्यायची नसेल तर फुटीर बरा, त्यात निदान घडलं ते सांगितलंय. तशी यादवी तरी कुठे चपखल बसते म्हणा! प्रभासला यादव एकमेकांवर तुटून पडले, वेगळं राज्य कोणी मागितलं नव्हतं. पण तो शब्द आता रुळलाय, राहू द्या.

जुना जिन्नस: दुसरी चूक 'कायदेशीर चलन'. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं विधिग्राह्य चलन म्हणजे जे घ्यायला समोरचा नाही म्हणू शकत नाही. उत्तरेने फेब्रुवारी १८६२ मध्ये आपल्या हिरव्या पाठीच्या नोटांना, म्हणजे ग्रीनबॅकना, तसा दर्जा दिला. दक्षिणेच्या सरकारने अखेरपर्यंत दिला नाही. रिचमंडच्या वाण्याने तुमची नोट नाकारली असती तर कायदा त्याचं काही वाकडं करू शकत नव्हता. लोकांकडे दुसरं काही नव्हतं म्हणून ती चालली.

तेव्हा 'कायदेशीर' खोडा, 'चलन' मात्र ठेवा. आपल्याकडे नोट चालते किंवा चालत नाही. फाटकी नोट पुढे केली की कंडक्टर म्हणतो, ही चालणार नाही. तो कायद्याचं बोलत नसतो, पुढचा घेईल का एवढंच बघतो. या नोटा अशाच चालल्या, मग लंगडायला लागल्या. शेवटच्या महिन्यांत सोन्याच्या एका डॉलरला कागदी पन्नासाहून जास्त मोजावे लागत.

अर्धविराम: दक्षिणेच्या नोटांना ग्रेबॅक म्हणत ना? 'करडी पाठ' असं मराठी करावं का?

जुना जिन्नस: करू नका. ताईंच्या नोटेची पाठ निळी आहे, सुरुवातीच्या कित्येकांची तर कोरीच होती. शिवाय सैनिक अंगावरच्या उवांनाही ग्रेबॅक म्हणत. प्रदर्शनात कोणी विचारलं तर पंचाईत.

कोनाडा: काका, मग 'चलनी नोट' एवढंच लिहू? नोटेवरचा मजकूर भिंगाखाली वाचला. दोन्ही देशांत तह होऊन तो मंजूर झाल्यावर दोन वर्षांनी धारकाला दहा डॉलर देऊ, असं आहे. तहाआधी काहीच नाही?

जुना जिन्नस: काहीच नाही. आधीच्या नोटांवर सहा महिने होते. युद्ध लांबलं तशी मुदतही लांबली.

तांबडा पैसा: म्हणजे ही मुदती हुंडी झाली. हुंडी म्हणजे पेढीवरची, अमक्याला इतके पैसे द्या अशी चिठ्ठी. दाखवल्याबरोबर पैसे मिळतात ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळतात ती मुदती.

जुना जिन्नस: जवळ आलात, पण मुदती हुंडीत दिवस ठरलेला असतो. आज ना उद्या तो उगवतोच. इथे मुदत सुरू कधी होणार तेच अधांतरी. आपल्या पेढ्यांकडे याला नेमका शब्द होता: जोखमी हुंडी. माल गलबतात चढला की त्यावर हुंडी लिहायची. माल सुखरूप बंदराला लागला तरच पैसे. गलबत बुडालं की हुंडीही बुडाली, देणाऱ्याला कोणी धरायचं नाही. ही नोट तशी आहे. माल म्हणजे स्वतंत्र देश. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडलं आणि गलबत बुडालं. वर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने लिहूनच टाकलं की बंडासाठी काढलेलं कर्ज केंद्राने किंवा कुठल्याही राज्याने फेडायचं नाही.

अर्धविराम: काका, हे मस्त. आणि त्याच गलबतात आपली मुंबईही होती की! दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस अडकला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशातून मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरसाठी झुंबड उडाली. युद्ध संपलं आणि १८६५ मध्येच ते शेअर आणि रिचमंडच्या नोटा दोन्ही रद्दीत.

तांबडा पैसा: कोनाडाताई, आधी नोट खरी आहे ना बघा. नकला पुष्कळ आहेत. फिलाडेल्फियात सॅम्युअल अपहॅम नावाचा दुकानदार १८६२ पासून या नोटांच्या नकला छापून उघडपणे विकायचा. तळाशी 'ही नक्कल आहे' आणि स्वतःचं नाव-पत्ता. घेणारे ती पट्टी कातरून दक्षिणेत नोट खपवायचे. कात्री लागेपर्यंत नक्कल, लागल्यावर बनावट.

कोनाडा: अगंबाई! मग ओळखायची कशी? मामा तर गेले.

तांबडा पैसा: सह्या बघा. खऱ्या दहा डॉलरच्या नोटेवर खाली दोन सह्या हाताने केलेल्या असतात. खजिनदार वगैरे बडे लोक किती सह्या करणार, त्यांच्या वतीने कारकून करायचे, त्यात बायका पुष्कळ. क्रमांकही हाताने घातलेला. हल्लीच्या शोभेच्या प्रतींवर सही छापलेली असते, सगळीकडे सारखी. ओलं बोट लावून बघू नका हं.

कोनाडा: नाही लावलं. पाटी अशी करतेय: 'अमेरिकेतील फुटीर दक्षिणी राज्यांच्या सरकारची दहा डॉलरची चलनी नोट, १८६४. तह झाला तरच पैसे मिळणार होते, जोखमी हुंडीसारखे. तह झाला नाही.' वाचनालयाच्या बाई म्हणतील, जोखमी हुंडी आता कोणाला कळते. विचारतील तर सांगेन.

आणि सही बघितली. तपकिरी पडलीय. पहिल्या अक्षराच्या शेपटीशी शाई फुटलीय.