मदत हवी आहे : वय ४६, गुडघ्याचा फक्त आतला भाग बदलावा का?

नमस्कार मंडळी,

बायकोच्या उजव्या गुडघ्याबद्दल विचारतोय. वय ४६, वजन ७४ किलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दुखतं ते फक्त आतल्या बाजूला, नेमकी जागा एका बोटाने दाखवते. जिना उतरताना कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. वर्गात खडू पडला तर आता पोरंच धावत येऊन उचलून देतात.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलंय. बाहेरची बाजू आणि वाटी ठीक, एसीएल (गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध) शाबूत, आमवाताच्या रक्ततपासण्या नॉर्मल. फिजिओ, वजन उतरवणं, इंजेक्शनं सगळं करून झालं.

आता तीन डॉक्टर, तीन मतं. एक म्हणतात, पार्शल करा, म्हणजे सांध्याचा फक्त झिजलेला आतला भाग बदला. दुसरे म्हणतात वय लहान आहे, एचटीओ करा, म्हणजे नडगीचं हाड गुडघ्याखाली कापून पाय सरळ करायचा आणि भार बाहेरच्या बाजूवर ढकलायचा. तिसरे म्हणतात गोळ्यांवर काढा, साठीला पूर्ण सांधाच बदलू. हे मात्र डोक्यात जातं. ऐन उमेदीची वर्षं लंगडत घालवायची ती पुढचं एक ऑपरेशन वाचावं म्हणून?

थोडं वाचलंय. पार्शलसाठीचे १९८९ सालचे निकष साठीच्या पुढचे आणि ८२ किलोच्या आतले रुग्ण घ्या म्हणत; आता बरेच सर्जन ते इतके काटेकोर पाळत नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या ब्रिटनमधल्या टॉपकॅट चाचणीत पाच वर्षांनी पार्शल आणि पूर्ण दोन्हींचा गुण सारखाच, खर्च पार्शलचा कमी. पण त्यातल्या रुग्णांचं सरासरी वय पासष्टच्या आसपास, तेव्हा आमच्या केसला ते कितपत लागू? शिवाय सांधेबदलाच्या परदेशी नोंदवह्यांत पार्शल पुन्हा करावं लागण्याचं प्रमाण पूर्णपेक्षा जास्त दिसतं, आणि वय जितकं कमी तितकं जास्त. पार्शलवरून पूर्णवर जाणं तुलनेने सोपं, म्हणून सर्जन तो निर्णय लवकर घेतात, असंही एक कारण सांगतात.

पन्नाशीच्या आत पार्शल केलेलं कुणी आहे का? आठ-दहा वर्षांनी गुडघा कसा आहे? मांडी घालता येते का? कृत्रिम सांध्याच्या दोन धातूच्या भागांमधलं प्लास्टिक सरकतं बसवलं की पक्कं? खाली बसायची सवय असेल तर सरकतं कधीकधी निसटतं असं ऐकलंय. एचटीओवाल्यांनी कुबड्या किती दिवस लागल्या तेही सांगा, कारण रजेचं गणित त्यावर आहे. आणि डॉक्टरांना ‘वर्षाला पार्शल किती करता?’ हे तोंडावर कसं विचारायचं? जे क्वचित करतात त्यांच्याकडे ते बिघडायची शक्यता जास्त, म्हणून विचारायचंय.

पुणे-साताऱ्याकडच्या सर्जनची नावं व्यनितून (खासगी निरोपातून) कळवा. उन्हाळी सुट्टीत उरकायचं तर मार्चपर्यंत ठरवावं लागेल.