उकाड्यातला गोकाक फॉल्स : तुमचा दिवस कसा गेला ते लिहा

पावसाळा लागला की बेळगावात दर शनिवारी कुणीतरी ग्रुपवर टाकतंच, चला गोकाक फॉल्स. मग जर्किन, छत्र्या, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी अशी सगळी तयारी करून लोक निघतात आणि तिकडं पोचतात ते घामानं चिंब होऊन. धबधब्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, मला तो अख्खा दिवस वाचायचाय. कुणाबरोबर गेलात, काय खाल्लं, उकाड्यानं काय हाल केले, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. ऑगस्टात आम्ही मैत्रिणी स्कूटीवरून गेलो होतो. कणबर्गी सोडलं तरी बारीक पाऊस होता, अंकलगीच्या पुढं रस्ता ठणठणीत कोरडा, ढग आहेत खरं पाऊस नाही, वारा एकदम बंद आणि मधूनच ऊन असं बाहेर पडायचं की जर्किनच्या आत नुसती वाफ. हेल्मेट काढलं तर केसांतून पाणी निथळत होतं. आणि मग तो आवाज. घोड्याच्या नालेच्या आकाराचा कडा, त्यावरून घटप्रभा 52 मीटर खाली पडतेय, पाणी तांबडं, गढूळ, आणि खालून तुषार वर येतायत. वाटतं आता गार वाटेल. तसं होत नाही हो, हवेतच एवढं पाणी असतं की घाम वाळायलाच जागा नाही, ओढणीनं तोंड पुसलं की परत ओलं.

खरं मला त्या दिवसातलं सगळ्यात भारी काय वाटलं सांगू, हे पाणी गोकाकच्या पावसाचं नाहीच. तिकडं पाऊस तसा थोडाच. घटप्रभा येते सह्याद्रीतून, चंदगडची ताम्रपर्णी तिला मिळते, आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येऊन मिळते. म्हणजे चंदगडात माणसं दिवसेंदिवस सूर्य बघत नाहीत, कपडे वाळत नाहीत, आणि त्याच पावसाचं पाणी आपण गोकाकच्या उन्हात घाम पुसत बघतो. त्या काठावर उभी राहून मी हेच मैत्रिणींना सांगत बसले होते, त्यांना भजी खायची होती.

निपाणीचा दादा

आम्ही भर मे महिन्यात गेलो. पाणी जवळजवळ नव्हतंच, कारण वरच्या अंगाला धूपदाळचा बंधारा आहे तिथून पाणी कालव्यांना जातं, बंधाऱ्यावरून सांडलं तरच खाली धबधबा. खरं मी म्हणतो एकदा तसापण बघावा. पाणी नसलं की कडा पूर्ण दिसतो, खडकाचे थरावर थर, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले. उकाडा मात्र जीवघेणा, वळीव येणार येणार म्हणून ढग जमलेले आणि आला नाही तो नाहीच.

रेल्वेवाली पोरं, खानापूर

आम्ही कॉलेजची गॅंग पॅसेंजरनं गेलो, सुळेभावी, सुळधाळ, पाच्छापूर करत गोकाक रोडला उतरलो. गाडीत पंखे होते खरं फिरत नव्हते, दारात बसायला भांडणं. स्टेशनवरून टमटम केली, त्यात एकमेकांच्या मांडीवर बसून गेलो, शर्ट पाठीला चिकटलेला आणि शेजाऱ्याच्या पाठीलापण.

झुलत्या पुलावर त्या दिवशी सोडत नव्हते, त्यामुळे लांबूनच बघितला, जवळजवळ 200 मीटर लांब आहे. त्याच्याजवळची सूतगिरणी बघून आमच्यातला मेकॅनिकलवाला वेडाच झाला. 1887 साली सुरू झालेली गिरणी, आणि ती चालवायला धबधब्याचीच ताकद वापरली. पाणी कड्याच्या वरच घ्यायचं आणि पाईपातून एकदम खाली सोडून टर्बाइन फिरवायचं, जेवढी उंची तेवढा जोर. उन्हात उभं राहून त्यानं हे हातवारे करून समजावलं आणि आम्ही सगळे खरंच ऐकत होतो. नंतर महालिंगेश्वराच्या देवळात जाऊन बसलो, चालुक्यांच्या काळातलं दगडी देऊळ, आतल्या फरशीवर पाय टेकवले की तळव्यातून गार चढत जातं. त्या दिवशी पहिल्यांदा घाम वाळला तो तिथं. देवळात गप्पा मोठ्यानं मारू नका, लोक पूजेला आलेले असतात.

येताना करदंट घ्या, गोकाकला जाऊन ते न घेता यायचं म्हणजे काय. गूळ, डिंक, खोबरं, सुका मेवा असतो, उन्हात खराब होत नाही, परतीच्या गाडीत आम्ही तेच खाऊन होतो.

चिकोडीची सिस्टर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, जरा मोठं होईल. आम्ही हॉस्पिटलच्या स्टाफनं गाडी करून गेलो होतो. आमच्यातला एक जण सकाळपासून नुसत्या चहावर, पाणी पीत नव्हता कारण वाटेत लघवीला कुठं थांबायचं. दुपारी वर चढून येताना त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, मग चक्कर, तोंड पांढरंफटक, अंग घामानं थबथबलेलं. लोक गोळा झाले, कांदा आणा, चप्पल हुंगवा सुरू. सगळ्यांना बाजूला केलं, झाडाच्या सावलीत आडवं पाडलं, पाय बॅगेवर ठेवले, शर्टाची बटणं काढली, नॅपकिन ओला करून मानेवर आणि काखेत ठेवला आणि दोघांना वहीनं वारा घालायला लावलं. ओआरएसचं पाकीट जवळच्या दुकानात नव्हतं. चहाच्या गाड्यावरच्या अक्कांनी साखर-मीठ दिलं, लिटरच्या बाटलीत सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि घोट घोट पाजलं. हळूहळू रंग परत आला. अक्कांना कन्नडच येत होतं आणि मला जेमतेम, तरी त्यांनी मागितल्याबरोबर सगळं पुढं केलं, साखरेचे पैसे घेतले नाहीत.

धबधब्याजवळ ओलावा असतो म्हणून तहान कळत नाही, खरं घाम जातच असतो. तहान नसली तरी प्या. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध जाऊ लागली तर असले घरगुती उपाय करत बसू नका, अंगावर पाणी मारत थेट दवाखाना.

सीमेवरची (धागा माझाच)

सिस्टर, तुमचं लिहिणं मी आमच्या ग्रुपवर पाठवतेय, चालेल ना? लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी प्यायचं टाळतात, त्यात आम्ही बायका तर जास्तच. वाटेत पेट्रोल पंपावर विचारा, बहुतेक ठिकाणी सोय असते.

वडगावचे काका

गोकाकला गर्दी वाटली तर गोडचिनमल्कीला जावा, तिथनं जवळच आहे. तो धबधबा मार्कंडेय नदीचा, दोन टप्प्यांत पडतो, वाटेत चालावं लागतं. आम्ही जुने मित्र गेलो होतो, सगळे साठीच्या पुढचे, काठ्या घेऊन. उकडत होतं म्हणून हळूच चाललो, भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली होती, सोबत कांदा आणि ताकाचा कॅन. बेळगावच्या नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं ते ह्याच मार्कंडेय नदीचं, घरात रोज पितो ती नदी इथं अशी उड्या मारतेय हे बघून आमचा एक मित्र हात जोडून उभा राहिला.

पोरांना एवढंच सांगणं, पाण्याच्या कडेच्या खडकावर फोटोसाठी जाऊ नका. वर धरणातनं पाणी सोडलेलं असतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी नदी वाढते. आम्ही तिथं होतो तेव्हा सकाळी कोरडा असलेला खडक जेवण होईपर्यंत पाण्याखाली गेला होता.