उन्हाळा + ट्रॅफिक : १५० सीसी एअर कूल्ड गाडी फार तापतेय, नक्की काय काय बघायचं?

कात्रजकर_१५०
नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली, २०१५ चं मॉडेल, पुढे डिस्क मागे ड्रम. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जातो. रोज कात्रज ते हिंजवडी जाऊन येऊन. सकाळी लवकर निघतो त्यामुळे काही जाणवत नाही, पण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर भूमकर चौकापर्यंत जी रांग लागते त्यात एक फूट पुढे, थांबा, परत एक फूट पुढे असं चालतं आणि तेवढ्यात इंजिन इतकं तापतं की पँटमधून पोटरीला चटके बसतात. गिअर कडक होतात, उभ्या गाडीला न्यूट्रल लागतच नाही, आणि पुढे हायवेला लागून नवले पुलाकडून कात्रजच्या चढाला चौथ्यात अ‍ॅक्सिलरेटर पिळला की खालून टिणटिण आवाज येतो, पिकअप तर नाहीच. मार्चपर्यंत असं काही नव्हतं.

मेकॅनिक म्हणतो रिंग पिस्टन गेलंय, हाफ इंजिन करून टाका, म्हणजे इंजिनचा वरचा अर्धा भाग उघडून रिंग पिस्टन बदलायचं. ऑफिसमधला एक मित्र म्हणतो बाहेरून ऑइल कूलर बसव. सोसायटीतले एक काका म्हणाले घरी आल्यावर ओलं पोतं टाकत जा इंजिनवर. धूर अजिबात नाही, ऑइलपण मी कधी मधेच वाढवलेलं नाही. गाडी अजून चार पाच वर्षं वापरायची आहे हो, विकायची नाही, त्यामुळे नीट सांगा. हाफ इंजिनला पैसे घालायच्या आधी काय काय तपासून घेऊ?

घोडबंदर_रायडर
भावा पहिली गोष्ट, ओलं पोतं अजिबात टाकू नको. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर एकदम गार पाणी पडलं की धातू एका बाजूने आकसतो, त्यात फिनला (इंजिनवरच्या त्या पातळ पट्ट्या) तडा जाऊ शकतो नाहीतर हेडचा गॅस्केट लीक व्हायला लागतो. शिवाय प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं की दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारणार ते वेगळंच. सावलीत लावून सोडून दे, आपोआप गार होते. बंद केल्यावर टिक टिक आवाज येतो तो धातू गार होताना आकसतो त्याचा असतो, त्याला घाबरू नको.

दुसरं म्हणजे चटका बसतो म्हणून इंजिन ओव्हरहीट झालं असं होत नाही. साठ अंशाच्या लोखंडावरसुद्धा आपल्याला हात ठेवता येत नाही आणि एअर कूल्ड गाडीत ऑइलच शंभर अंशाच्या आसपास असतं, ते नॉर्मलच आहे. पण चढाला टिणटिण आवाज येतो म्हणतोस ते मात्र मनावर घे, ते नॉकिंग आहे, म्हणजे आत पेट्रोल अवेळी पेटतंय.

सातारा_गॅरेजवाला
दादा, हाफ इंजिन करायची एवढ्यात घाई करू नका. रिंग गेली असती तर निळा धूर दिसला असता, ऑइल प्यायली असती, सकाळी थंड असतानासुद्धा गाडी ओढायला मंद वाटली असती. तुमची सकाळी व्यवस्थित चालते म्हणजे प्रश्न उष्णतेचा आहे, आणि उष्णतेचं गणित सरळ आहे. एअर कूल्ड इंजिनला गार करणाऱ्या गोष्टी दोनच, फिन्सवरून जाणारा वारा आणि आतलं ऑइल. ट्रॅफिकमध्ये वारा शून्य, म्हणजे सगळा भार ऑइलवर आला, त्यात आपण वरून आणखी उष्णता तयार करत असलो तर मग जे तुम्ही लिहिलंय तेच सगळं होतं. म्हणून आधी जास्तीची उष्णता कुठून येतेय ते शोधायचं, कूलर वगैरे नंतर. आणि कूलर बसवला तरी त्यालाही वाराच लागतो ना, भूमकर चौकात उभ्या गाडीला तो काय करणार? वर दोन जादा जॉइंट आणि पाइप, तिथून ऑइल गळायची भीती. ज्या इंजिनला कंपनीने दिलेला नाही त्याला मी तरी बसवून देत नाही.

आता घरच्या घरी काय बघायचं ते सांगतो.

गाडी थंड असताना मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. दोन तीन फेरे सहज फिरलं पाहिजे. लगेच अडकत असेल, घासल्याचा आवाज येत असेल तर ड्रम ब्रेक टाइट आहे. ही गोष्ट मी सर्व्हिसिंगला आलेल्या गाड्यांत कायम बघतो, गिऱ्हाईक म्हणतं ब्रेक कमी लागतो, पोरगा मागचा नट दोन आटे पिळून देतो आणि ब्रेकचा लायनर चाक फिरतंय तोवर घासत राहतो. म्हणजे इंजिन दिवसभर ब्रेक दाबलेली गाडी ओढतंय. चेनचंही तेच, फार ताणलेली नको, मधोमध दाबली की दोनेक सेंटिमीटर हलली पाहिजे.

क्लचच्या लिव्हरला टोकाशी एक ते दोन सेंटिमीटर मोकळा प्ले पाहिजे. प्ले नसेल तर लिव्हर सोडूनही क्लच पूर्ण बसत नाही, प्लेटा घसरत राहतात आणि त्याची सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते कारण आपल्या गाड्यांच्या क्लचप्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवत राहिलं तरी हेच होतं. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरात क्लच पूर्ण सोडून जा, परत थांबा. मागचे हॉर्न मारतील, मारू देत.

ऑइल डिपस्टिकवर बघा, गाडी सरळ उभी पाहिजे, साइड स्टँडवर नको. १५० सीसीत ऑइल जेमतेम लिटरभर बसतं, त्यातलं दोनशे मिली कमी झालं तर पाचवा हिस्सा गेला, आणि ट्रॅफिकमध्ये तेच तर तुम्हाला वाचवणार असतं.

शेवटी प्लग काढून त्याचा रंग सांगा इथे, जमलं तर फोटो टाका. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढराफटक असेल तर गाडी लीन चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन गाडी तापतेच.

अकोल्याचा_भाऊ
पुण्याच्या उन्हाळ्याले तुम्ही उन्हाळा म्हणता भाऊ, आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ च्या खाली पारा येत नाही काही काही दिवस, तरी १०० सीसीच्या गाड्या दोन पोते अन् माणूस घेऊन धावते. गॅरेजवाले दादा बरोबर सांगून राहिले. त्यात माझ्याकडून एक जोडतो.

तुमच्या गाडीले लेग गार्ड आहे का अन् त्यावर नायलॉनची दोरी गुंडाळली आहे का ते पहा. आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या गाडीले असते, शोरूमच्या बाहेरच गुंडाळून देते, रंगीबेरंगी. दिसाले चांगली दिसते पण ती बरोबर इंजिनच्या तोंडासमोर येते, वारा अडवते. काही लोक तर त्यावर रबरी पत्रा लावते पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून अन् उन्हाळ्यात काढतच नाही. उन्हाळ्याआधी हे सारं काढून टाका लागते. अन् फिन्सच्या मधात पावसाळ्याचा चिखल वाळून बसला असते, चेनचं ऑइल अन् धूळ मिळून पक्कं थापलं असते. इंजिन थंड असताना रॉकेल नाहीतर डिझेल लावून जुन्या टूथब्रशनं एक एक फट मोकळी करा, मंग धुवा, दगडासारखी खपली निघते.

ऑइल म्हणाल तर उन्हाळ्यात मी सगळ्याच गाड्याईले २०डब्ल्यू५० टाकतो, जाड ऑइल गरमीत टिकते.

सातारा_गॅरेजवाला
दोरीचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्या लक्षातच आला नव्हता, इकडे कमी दिसतात आता.

पण सगळ्याच गाड्यांना २०डब्ल्यू५० नको भाऊ. त्यातला पहिला आकडा ऑइल थंड असताना कसं वाहतं त्याचा, आणि दुसरा शंभर अंशाला किती जाड राहतं त्याचा. कंपनीने ज्या इंजिनला १०डब्ल्यू३० दिलंय त्याच्या आतल्या फटीच तेवढ्या बारीक असतात, त्यात ५० टाकलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ऑइल पोचायला वेळ लागतो, अ‍ॅव्हरेज पडतो ते वेगळं. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे दोन तीन ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाड तुम्ही उन्हाळ्यात घ्या, त्याला माझी ना नाही, पण मॅन्युअलच्या बाहेर जाऊ नका. आणि उलटंही होतं बरं का, २०डब्ल्यू५० च्या गाडीत गॅरेजवाला ड्रममधलं सुटं १०डब्ल्यू३० ओततो आणि बिलावर नुसतं इंजिन ऑइल लिहितो. डबा समोर फोडायला लावा. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे, कारचं ऑइल बाइकमध्ये टाकलं तर क्लच घसरतो.

कात्रजकर_१५०
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती म्हणून सगळं बसून बघितलं.

मागचं चाक अर्धा फेराही धड फिरत नाही, खसखस आवाज येतो. मागच्या सर्व्हिसिंगला ब्रेक टाइट करून दिला होता तेव्हापासूनच असणार. क्लचला प्ले आहे. ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेलाही लागत नाही, काळंकुट्ट आणि पाण्यासारखं पातळ, बोटावर घेतलं तर जळका वास. बिलावर खरंच नुसतं इंजिन ऑइल लिहिलंय, मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू५० आहे. प्लग पांढरा आहे, टोकाला एकदम खडूसारखा. लेग गार्डला दोरी नाही पण पायावर चिखल येऊ नये म्हणून लावलेला रबर आहे, तो काढला.

आता प्लग पांढरा म्हणजे नक्की काय करायचं? कार्बोरेटरला हात लावायची भीती वाटते. आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय त्याचा काही संबंध आहे का?

सातारा_गॅरेजवाला
ब्रेक दोन तीन आटे ढिला करा, चाक मोकळं फिरून पेडल साधारण दोन सेंटिमीटर दाबल्यावर पकडायला लागलं की बास. ऑइल बदला, टॉपअप करत बसू नका, जळका वास येणारं ऑइल संपलेलं असतं. गिअर कडक होणं आणि न्यूट्रल न लागणं हे बहुतेक त्यानेच जाईल, कारण संपलेल्या ऑइलमध्ये क्लच आणि गिअर नीट काम करत नाहीत.

लीनचं म्हणाल तर आधी कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबर बघा, त्याला मॅनिफोल्डचा रबर म्हणतात. दहा वर्षांत तो कडक होऊन बारीक चिरा पडतात, तिथून फिल्टर न होता जादा हवा आत ओढली जाते. ओळखायचं कसं, तर गाडी आयडलला ठेवून दोन बोटांनी रबर इकडेतिकडे दाबायचा. दाबल्यावर रेस वरखाली झाली तर रबर बदला, किरकोळ खर्चाचं काम आहे. सायलेन्सर तिथून लांब नसतो तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करून हे करा, हात भाजेल नाहीतर.

इथेनॉलचा संबंध आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिश्रण आधीपेक्षा थोडं लीन होतं. फ्युएल इंजेक्शनच्या ज्या गाड्यांना ऑक्सिजन सेन्सर आहे त्या स्वतः बऱ्यापैकी सावरून घेतात. तुमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही, त्याला हाताने सांगावं लागतं. मिश्रणाचा जो छोटा स्क्रू असतो तो आयडल आणि पाव थ्रॉटलपर्यंत काम करतो, म्हणजे बरोबर ट्रॅफिकमधला पट्टा. चांगल्या माणसाकडून इंजिन पूर्ण गरम असताना तो थोडा रिच करून घ्या, म्हणजे पेट्रोल थोडं वाढवून. तिथेच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, चेक करायला सांगा, ते मात्र इंजिन पूर्ण थंड असताना, त्यामुळे गाडी रात्रभर गॅरेजला ठेवावी लागेल. एक्झॉस्टचा टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची उष्णता हेडमध्ये जायला वाटच राहत नाही, व्हॉल्व्ह जळतो. टिकटिक आवाज नको म्हणून टॅपेट टाइट करून घेणारे खूप गिऱ्हाईक येतात, मी नाही म्हणतो. टॅपेट थोडा वाजलेला चालतो.

टिणटिण आवाज या सगळ्यानंतरही राहिला तर एकदा टाकी बऱ्यापैकी रिकामी करून नेहमीपेक्षा जास्त ऑक्टेनवालं पेट्रोल भरून बघा. त्याने आवाज गेला तर आत कार्बन साचलाय असं समजा, मग हेड उघडायचा विचार. आणि चढाला चौथ्यात ओढू नका दादा, तिसऱ्यात घ्या. कमी आरपीएमला जोर मागितला की नॉकिंग होतंच.

घोडबंदर_रायडर
सिग्नलचं पण सांगून ठेवतो. अर्धा पाऊण मिनिटापेक्षा जास्त थांबणार असशील तर सरळ बंद कर. एअर कूल्डला उभं राहून आयडल करण्यात काहीच फायदा नाही, वारा तर नाहीच, नुसती उष्णता वाढत जाते. परत स्टार्ट होताना त्रास देत असेल तर चोक ओढू नको, कार्बोरेटरच्या वाटीतलं (फ्लोट बाउल) पेट्रोल गरमीने आधीच वाफाळलेलं असतं. थ्रॉटल थोडा उघडा धरून सेल्फ मार.

नाशिककर_लिक्विडकूल्ड
याच धाग्यात विचारतो, माझी लिक्विड कूल्ड आहे, द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये फॅन सुरू होतो आणि गाडी बंद केल्यावरपण थोडा वेळ फिरत राहतो. काही बिघाड आहे का? आणि मी पण सिग्नलला बंद करत जाऊ का?

घोडबंदर_रायडर
बिघाड नाही, बऱ्याच मॉडेलला फॅन बंद केल्यावरही फिरतो, बॅटरी ठीक असेल तर काळजी नको. तुझं गणित थोडं वेगळं आहे, तुझ्याकडे उभ्या गाडीलापण फॅन आणि पाण्याचा पंप काम करतात. फॅन जोरात फिरत असेल आणि मिनिटभराचाच सिग्नल असेल तर चालू ठेव, कारण इंजिन बंद केलंस की पंप बंद, मग हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. पाच दहा मिनिटांचा जाम असेल तर बंदच कर. टेम्परेचरचा लाल दिवा लागला तर मात्र काहीही विचार न करता बाजूला घे.

कूलंटची लेव्हल रिझर्व्ह टाकीवर मिन आणि मॅक्सच्या मधे पाहिजे, गाडी थंड असताना बघ. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत प्रेशरने शंभराच्या वरचं पाणी असतं, तोंडावर उडतं. नळाचं पाणी भरू नको, आतून क्षार धरतात. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि चिखल अडकतो तो मागच्या बाजूने साध्या पाइपने धू, प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पट्ट्या वाकतात आणि वाकलेल्या पट्टीतून वारा जात नाही. आणि फॅन कधी फिरलाच नाही असं वाटलं तर आधी फ्यूज बघ.