वर्गात पॉडकास्ट: शिक्षण की नुसती थेरं?

खडूफळा (धागाकर्ती)

मी कुर्ल्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीला भूगोल आणि मराठी शिकवते. हल्ली कुठल्याही प्रशिक्षणाला गेलं की ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे शब्द कानावर आदळतात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच निघतो: बाईंनी धडा रेकॉर्ड करायचा आणि मुलांनी तो घरी ऐकायचा. याला माझा विरोध आहे. माझा आवाज तासाला पस्तीस मिनिटं ऐकून कंटाळलेलं पोर तोच आवाज घरी पुन्हा कशाला ऐकेल?

पॉडकास्ट मुलांनी करायचा आणि बाईंनी ऐकायचा, असं माझं मत. यंदा पावसावर शिकवताना मुलांना सांगितलं, २६ जुलै २००५ ला, मुंबई बुडाली त्या दिवशी, तुमच्या घरचे कुठे होते ते त्यांना विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि पाच मिनिटांत बसवा. या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. एका मुलीने आईवडील दोघांना बोलतं केलं. आई कालिन्याला राहायची, तळमजला पाण्याखाली गेलेला. वडील फोर्टात नोकरीला. ते म्हणतात, आमच्याकडे पाऊस नेहमीसारखाच होता, गाड्या का बंद पडल्या तेच कळेना. मुलगी येऊन मला म्हणाली, “बाई, दोघांपैकी कुणीतरी फेकतंय.”

कुणीच फेकत नव्हतं. त्या २४ तासांत कालिन्याजवळच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि फोर्टाजवळच्या कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! हे आकडे मी फळ्यावर लिहिले असते तर वर्गाने उतरवून घेतले असते आणि विषय संपला असता. इथे तिने ते मागितले. पुढचा अख्खा तास ‘असं कसं?’ यावरच गेला.

आणखी एक गोष्ट म्हणजे काटछाट. वडिलांचं बोलणं वीस मिनिटांचं, त्यातलं ठेवायचं अडीच मिनिटांचं. काय ठेवायचं यावरून गटात चांगली जुंपली. सारांशलेखनाच्या प्रश्नावर मुलं भांडताना मी तरी कधी पाहिली नाहीत.

बोला, तुमचं काय म्हणणं?

निवृत्त_हेडमास्तर

बाई, उत्साहाचं कौतुक आहे. पण आमच्या नोकरीत असे उत्साह बरेच पाहिले. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आले, मग यथावकाश रेडिओ कपाटात गेला. १९८४ ला पुण्यात शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हाही आता शिक्षण बदलणार अशीच भाषा होती. २०१७ ला ती बंद झाली, तेव्हा किती शिक्षकांच्या लक्षात आलं?

दहावीला भाषेच्या पेपरात ८० गुण लेखी आहेत. मुलांना सलग एक परिच्छेद लिहिता येत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा तर आनंदच, आणि आपण त्यांच्या हातात माइक देतोय. तुमचा पावसाचा किस्सा झकास आहे, पण तीच मुलाखत निबंध म्हणून लिहून घेतली असती तर काय बिघडलं असतं? शंका तीच आली असती आणि वर शुद्धलेखनही झालं असतं.

चुरमुरा

रुमाल टाकून ठेवतो. दोन मास्तरांच्या भांडणात पडायची हिंमत नाही.

खडूफळा

सर, निबंधातली आजी निबंधमालेतून येते. सगळ्या वर्गाची आजी पहाटे उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते. कुर्ल्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ती सडा कुठे घालते, देव जाणे. रेकॉर्डिंग करायचं तर खऱ्या माणसासमोर बसून खरा प्रश्न विचारावा लागतो.

आणि उरलेल्या २० गुणांचं काय? २०१९ च्या दहावीला भाषांचे ते अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि गुण मुकाट्याने परत आले. तोंडीचे गुण आपण कसे वाटतो हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. निदान त्या गुणांसाठी तरी मुलांना खरोखर बोलू द्या.

मुलुंडची_आई

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलांचा आवाज नेटवर टाकायची परवानगी कुणी दिली? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हरकत असल्यास कळवावे’ एवढं लिहून ती मिळत नाही.

दुसरं म्हणजे माझा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गात मुलं हसतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात. पण क्लिप फिरत राहते. ‘धीट होईल’ हे मला सांगू नका, ते मी बालवाडीपासून ऐकतेय.

खडूफळा

नेटवर काहीच जात नाही. फायली शाळेच्या संगणकावर असतात, वर्गात वाजवतो आणि वर्ष संपलं की पुसतो. धीट होण्याचं मी म्हणणारच नाही. एवढंच सांगते, उभं राहून प्रकट वाचन करताना दुसरी संधी नसते, इथे पुन्हा बोलता येतं. शिवाय गटात ज्याला बोलायचं नाही तो रेकॉर्डिंगच्या तुकड्यांची जोडणी करतो.

मुलुंडची_आई

म्हणजे अडखळणारा मुलगा कायम जोडणीवर आणि पाठांतर स्पर्धेतले ते चार कायम माइकवर. स्नेहसंमेलनात हेच होतं, नवीन काय?

मनपा_मास्तर

दोन्ही बाजू वाचल्या. मला एकच सांगा, वेळ कुठून आणायचा? बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची ड्यूटी, ऑनलाइन माहिती भरणं, त्यातून वर्गात जाऊन उभं राहावं तर दुपारच्या पाळीची मुलं दारात. आमच्याकडे बहुतेक घरांत एकच फोन आणि तो बाबांबरोबर कामाला जातो. रात्री दहाला परत आल्यावर मुलाने मुलाखत घ्यायची की बाबांनी जेवायचं? हा गृहपाठ अर्ध्या वर्गाला जमणारच नाही आणि ते अर्धे कोण हे आधीच ठरलेलं आहे.

एक गोष्ट मात्र बाईंच्या बाजूने. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण माझ्या मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी भोजपुरी किंवा कन्नड बोलणारी मुलं आहेत. घरच्यांनी घरच्या भाषेत सांगायचं आणि मुलाने मराठीत जोडून घ्यायचं, हे मी शाळेच्या वेळेत, माझ्याच फोनवर, न्यायला आलेल्या आयांबरोबर करून पाहिलं. एरवी आई शाळेत येते ती सही करायला. त्या दिवशी तिला कुणीतरी काही विचारलं.

ध्वनीवेडा

तांत्रिक भर. मुंबईच्या वर्गात पंखा आणि हॉर्न यांत आवाज मरतो. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसा, पंखा बंद करा आणि साध्या इअरफोनचा माइक हनुवटीखाली धरा. फाइल ६४ केबीपीएसवर मोनो (एकाच चॅनलची) ठेवली तर पाच मिनिटांचे सुमारे अडीच एमबी होतात, कुणाच्याही फोनवर चालतील. जोडणीला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरे, फुकट आहे. महागडे माइक घेऊ नका. ते हेडमास्तरांच्या कपाटात रेडिओशेजारी जाऊन बसतील.

निवृत्त_हेडमास्तर

आमचं कपाट भरलेलं आहे, धन्यवाद.

बाई, तुमच्या ‘खऱ्या माणसा’चा मुद्दा मला पटत आला होता. पण नातू म्हणाला, आजोबा, आता एआयला सांगितलं की आजीचा आवाजही मिळतो आणि पुराची गोष्टही. मग निबंधमालेने काय घोडं मारलं होतं?

खडूफळा

मिळतो खरा. पण रेकॉर्डिंग वाजवलं की वर्ग प्रश्न विचारतो: तुझी आजी कुठल्या स्टेशनला अडकली, पाणी कुठल्या बाजूने आलं? अर्धा वर्ग मिठी नदीच्या आसपास राहतो. त्यांच्यासमोर बनावट आजी दोन प्रश्नही टिकत नाही.

निवृत्त_हेडमास्तर

ठीक. मग माझी एक अट. प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली संहिता हवी. तपासायला मी येतो, दादरहून कुर्ला काही लांब नाही.

खडूफळा

या की. फक्त संहिता आधी लिहिली की मुलं ती वाचून दाखवतात, बोलत नाहीत. मी नंतर लिहून घेईन.

निवृत्त_हेडमास्तर

‘नंतर’ म्हणजे एप्रिलमध्ये पोर्शन संपल्यावर ना? मीही बत्तीस वर्षं शिक्षकच होतो, बाई.