रोह्याची धडक आणि सर्व्हेअरची कात्री: कापलेले पैसे मागता येतात का?

तुरीचा_बांध:

गॅरेजचं इस्टिमेट ६२,५०० रुपये. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं (नुकसान तपासून रक्कम ठरवणाऱ्यानं) मंजूर केले ३६,१२०. वरचे २६,३८० भरा आणि गाडी न्या, असं गॅरेजवाला म्हणतो. यातलं नियमानं किती आणि उगाच किती, हे कोणी समजावून सांगेल का?

गाडी २०१९ची वॅगनआर, एक लिटरची. दिग्रसहून दारव्ह्याकडे येताना रात्री तुरीतून रोही (नीलगाय) सरळ डांबरीवर आला. तो धडपडत उठून पलीकडच्या वावरात निघून गेला, गाडी मात्र जागेवरच. त्याच रात्री कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला, जागेवरचे फोटो काढले, सकाळी क्रेननं गाडी यवतमाळला. पॉलिसी पॅकेज आहे, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही त्यात येतं. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नाही, गाडीला पाच वर्षं होऊन गेल्यावर एजंट म्हणाला की आता मिळत नाही.

इस्टिमेट असं (जीएसटी धरून): बोनेट ९,०००, बंपर ४,५००, डावा हेडलाइट ५,५००, ग्रिल १,८००, रेडिएटर ६,५००, एसी कंडेन्सर ८,०००, समोरची काच ७,०००, फेंडर ३,२००, मजुरी ९,०००, पेंटिंग ८,०००.

सर्व्हेअरनं कंडेन्सर पूर्ण उडवला. म्हणे जुनाच खराब होता, अपघातातला नाही. मजुरी ६,००० धरली. बाकी कशात किती कापलं ते सांगत नाही, "सिस्टममधून येतं" एवढंच. कंपनीच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवीन माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून रोही म्हणजे काय ते सांगा. आता मी सरळ नीलगाय म्हणतो.

वऱ्हाडी_पाहुणा:

भाऊ, रोही आडवा आला म्हणजे नशीब समजा, रानडुक्कर असतं तर गाडी उलटीच झाली असती. आमच्याकडं एकाले कंपनीनं पोलिसात रिपोर्ट दे म्हणून फिरवलं. तुम्हाले मागितला का? वनखात्याकडून काही भेटते का पाहा बरं.

तुरीचा_बांध:

रिपोर्ट नाही मागितला, फोटोवर भागलं. वनखात्याचं विचारलं. पिकाचं, जनावराचं, माणसाचं नुकसान झालं तर भरपाई आहे, गाडीचं नाही म्हणाले.

जुना_विमेकरी:

आधी हिशोब करू, भांडण नंतर.

झिरो डेप नसेल तर पार्टवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापतात, आणि त्याचे दर पॉलिसीच्या कागदातच छापलेले असतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन यावर सरसकट ५० टक्के. काचेवर काही नाही. लोखंड-पत्रा वगैरे धातूच्या पार्टवर गाडीच्या वयानुसार, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मजुरीवर घसारा नाही. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला पाव भाग सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. शेवटी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीनं स्वतःच्या खिशातून.

आता तुमचं घ्या. बोनेटचे ३,६०० गेले, बंपरचे २,२५०, हेडलाइटचे २,७५०, ग्रिलचे ९००, रेडिएटरचे २,६००, फेंडरचे १,२८०, पेंटिंगचे १,०००. कंडेन्सर मंजूर झाला असता तरी ३,२०० कापलेच असते. त्यात ते १,००० मिळवा. झाले १८,५८०. हे तुम्हाला कोणीच परत देणार नाही, त्यासाठी डोकं तापवू नका.

उरले ७,८००. कंडेन्सरचे ४,८०० आणि मजुरीचे ३,०००. भांडण एवढ्याचंच.

आणि कंडेन्सरवर तुमची बाजू चांगली भक्कम आहे. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं असतो. बंपर, ग्रिल, मग कंडेन्सर, मग रेडिएटर. पुढून मार बसून रेडिएटर गेला हे सर्व्हेअरनं स्वतः मान्य केलंय, मग मधला कंडेन्सर वगळून रोही मागच्या रेडिएटरपर्यंत पोचला कसा? हाच एक प्रश्न मेलमध्ये लिहा. पानभर कैफियत लिहिली की मुद्दा हरवतो.

सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, ती द्यावी लागते. "सिस्टममधून येतं" हे उत्तर नाही. मजुरीसाठी गॅरेजकडून कामवार फोड घ्या. काच बसवणं, एसीचा गॅस भरणं हे वेगळं दाखवलं की कापायला जागा कमी राहते. तरी मजुरीत थोडं खालीवर होईल, त्याचा फार आग्रह नको.

मेल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. नाही ऐकलं तर विमा नियामकाचं (IRDAI) तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल किंवा त्यांचा फोन १५५२५५. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा. फी नाही, वकील नाही. आपल्याकडचं कार्यालय पुण्याचं, पण तक्रार ऑनलाइन करता येते, तेवढ्यासाठी पुण्याला जायचं काम नाही.

तुरीचा_बांध:

हिशोब रुपयाला रुपया जुळला! एवढं तर गॅरेजवाल्यानंही सांगितलं नव्हतं.

आत्ताच त्याला फोन केला. जुना कंडेन्सर अजून तिथंच पडलाय. पोरानं फोटो पाठवला, मधोमध जाळी आत दबलेली आणि फटीत करडे राठ केस अडकलेले. हे चालेल ना पुरावा म्हणून? आणि गाडी उचलू की तिथंच ठेवू? कापूस संकलन केंद्रावर न्यायचाय, घरात दुसरी गाडी नाही.

जुना_विमेकरी:

चालेल म्हणजे काय, याहून चांगला पुरावा कुठला! तो पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. गाडीचा नंबर दिसेल असा शेजारी ठेवून फोटो काढायला सांगा, आणि निकाल लागेपर्यंत पार्ट जपून ठेवा असं गॅरेजला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका. मेलमध्ये पार्ट पुन्हा तपासायची मागणी करा.

गाडी उचला. पैसे भरा, पावती घ्या. सही करायला समाधान-पत्र पुढं करतील, त्यावर सहीच्या वर हातानं लिहा, "कंडेन्सर व मजुरीबाबत हरकत राखून." लिहू देत नसतील तर त्याच दिवशी तसा मेल टाका.

वऱ्हाडी_पाहुणा:

अन् पुढच्या वर्षी हप्ता पाहून दचकू नका, या क्लेमनं नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात भेटणारी सूट) शून्यावर येते. झिरो डेप जुन्या गाडीलेही काही कंपन्या देतात, दुसऱ्या एजंटले विचारा.