पहिलं सिझर, दुसऱ्या वेळी नॉर्मल: हट्ट कसला?

वारजेकरीण:
परवा इथे एकीने ठोकून दिलं, "पहिलं सिझर असताना नॉर्मलचा हट्ट म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ." खाली अंगठ्यांचा पाऊस. अहो, "एकदा सिझर तर कायम सिझर" हे न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांनी १९१६ साली लिहिलं. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घ्यायचे. आता खाली आडवा घेतात. तसा एकच छेद असेल तर कळांमध्ये जुना वण फाटण्याचा धोका शंभरात एकीपेक्षाही कमी, आणि प्रयत्न करणाऱ्यांपैकी ६० ते ८० टक्के जणींचं नॉर्मल होतं. माझा मोठा पायाळू होता म्हणून सिझर. धाकटीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी आधी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं, छेद कुठला ते चष्मा लावून दोनदा वाचलं, मगच हो म्हणाल्या. याला खेळ म्हणतात?

ठाम_मत:
ती पोस्ट माझीच. ती शंभरातली एक आपल्या घरची निघाली की टक्केवारीचं लोणचं घाला. माझी नणंद रात्रभर कळा देत होती. पहाटे बाळाचे ठोके पडले आणि धावतपळत सिझर. कळाही सोसल्या, टाकेही पडले. तुमचं छान झालं, पेढे वाटा.

कर्वेरोड_ग्रस्त:
छेद उभा का आडवा ते राहू द्या. पुण्यातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बसून नसतो, फोन करून बोलावतात. संध्याकाळी सातला तो कोथरूडहून सिंहगड रोडला पोचणार कसा?

पेठेतला:
उड्डाणपूल झालाय ना आता?

कर्वेरोड_ग्रस्त:
झाला. कोंडी पुढच्या चौकात राहायला गेली.

पेठेतला:
मग मेट्रोने या.

कर्वेरोड_ग्रस्त:
वनाजहून रामवाडीला जाते ती. बाईला रामवाडीत बाळंत करायचं का?

शनिवारातली_सून:
तुमचं बरंय. माझी तारीख विसर्जनाच्या आसपास होती. लक्ष्मी रोड बंद, केळकर रोड बंद, आणि सासरे म्हणतात, मानाचे पाच जाऊ देत, मग निघू.

वारजेकरीण:
धागा बाळंतपणाचा आहे! वाहतूक पोलिसांना टॅग करू का?

कर्वेरोड_ग्रस्त:
ताई, चिडू नका. वण फाटला तर मिनिटांचा खेळ असतो. रस्ता हाच मुद्दा आहे.

रात्रपाळी_डॉक्टर:
यांचं बरोबर आहे, दुर्दैवाने. ऑपरेशन थिएटर, रक्त आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतील तिथेच व्हीबॅक, म्हणजे सिझरनंतरचं नॉर्मल. ठोक्यांचा आलेख सलग हवा. कळा आणायला मिसोप्रोस्टॉलची गोळी अजिबात नाही. आधीचा छेद उभा असेल तर विषयच संपला. पण ठाम_मत, सिझर वाढत जातात तशी पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) जुन्या वणात रुतून बसण्याची भीतीही वाढते. हे कुणी सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सगळ्याच बायका अडलेल्या होत्या?

ठाम_मत:
निम्म्या तर मुहूर्तावर. बरं बाई, आडवा छेद, मोठं हॉस्पिटल, डॉक्टर रात्रभर जागे, एवढं सगळं जमलं तर करा नॉर्मल. नणंदेला मात्र मी हा धागा दाखवणार नाहीये.

पेठेतला:
सातारा रोडवरून यायचं असेल तर?