फॅमिलीसाठी व्हर्टस जीटी घ्यावी का? मी म्हणतो हो, घरचे म्हणतात ही पोरांची गाडी

घाटमाथा_कराड

मंडळी, सल्ला हवाय, पण माझं मत आधीच सांगून टाकतो. घरी आम्ही पाच जण, मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. राहायला कराड, गाव चिपळूणजवळ, त्यामुळे महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट ठरलेला. आत्ताची गाडी उंच एसयूव्ही टाइप, दहा वर्षं वापरली, आता बदलायचीय. मनात फोक्सवॅगनची सेडान व्हर्टस जीटी आहे, १.५ टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. घरचे म्हणतात स्पोर्टी गाडी आपल्याला काय करायची, आपण काय रेस लावणार आहोत का.

मला वाटतं स्पोर्टी गाडीचा खरा फायदा मागे बसणाऱ्यालाच होतो. आईला घाटात कायम मळमळतं, चिमटीत आवळासुपारी धरूनच बसते ती. मागच्या महिन्यात मित्राची व्हर्टस मागून घेतली, आईला मागे बसवलं, चिपळूणला जाऊन आलो, आणि पाटण सोडल्यापासून खाली उतरेपर्यंत तिने पुडी उघडलीच नाही. मी काही वेगळं चालवलं नाही, तोच रस्ता, तोच वेग. फरक एवढाच की गाडी बुटकी आहे, वळणात कलत नाही आणि उंचवट्यावरून गेल्यावर एकदाच दबून जागेवर बसते, दोनतीनदा डुलत राहत नाही. माणसाच्या पोटात ढवळतं ते या संथ डुलण्यानेच. टणक धक्का कमरेला जाणवेल पण त्याने उलटी होत नाही.

बाकी मला आवडलेलं म्हणजे इंजिन. १५० पीएस ताकदीचा आकडा सोडून द्या, २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचायचा जोर, १६०० आरपीएमलाच हातात येतो, त्यामुळे पाच माणसं आणि सामान घेऊन चढावर सारखा गिअर उतरवावा लागत नाही, आणि गिअर कमी बदलले की मागच्यांच्या माना पण कमी हलतात. डिकी ५२१ लिटर. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे ५ स्टार, मोठ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी दोन्हीत. आणि चाकणला बनते ही पण माझ्यासाठी छोटी गोष्ट नाही. बोला आता.

मागची_सीट

दादा, तुम्ही पुढे स्टिअरिंग धरून बसणार आणि मागच्यांना काय बरं वाटतं ते पण तुम्हीच सांगणार, हे मला पटत नाही. मी पंधरा वर्षं मागेच बसतेय, सासूबाई आणि दोन मुलं सोबत, म्हणून तिथलं सांगते. मागे मधोमध जमिनीतून बोगदा वर आलाय, मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही, आणि सीट दोघांच्या बेताने घडवलीय त्यामुळे तिसरा उंचवट्यावर बसतो. तुम्ही पाच जण आहात, म्हणजे कुंभार्लीत मधे कोणीतरी बसणारच. दुसरं म्हणजे गाडी बुटकी आहे म्हणून वळणात छान वाटते हे खरं, पण त्याच बुटकेपणामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात वाकून "उतरावं" लागतं आणि बाहेर येताना हात धरून उठवावं लागतं. तुमच्या आईबाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

आणि इक्विपमेंट बघा ना. जवळपास त्याच पैशात ह्युंदाई वेर्ना टर्बो मिळते, १६० पीएस, मागे डिस्क ब्रेक आणि वर अ‍ॅडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, पुढचा अचानक थांबला तर गाडी स्वतः ब्रेक लावते. होंडा सिटीतही अ‍ॅडास आहे. व्हर्टसमध्ये ते नाही. वेर्नालाही ग्लोबल एनकॅपचे ५ स्टार आहेतच. मग हँडलिंग हँडलिंग करून फॅमिलीला नक्की जास्तीचं काय मिळालं?

टॉर्कवेडा

ताईंशी सहमत नाही. अ‍ॅडास ही शेवटच्या क्षणाची मदत आहे, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा आणि सस्पेन्शन, मात्र पूर्ण प्रवासभर कामाला असते. एक्सडीएस काय करतं बघा, वळणात आतल्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते निसटायला लागतं, ही सिस्टीम त्याच चाकाला हलकासा ब्रेक मारते म्हणजे ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि गाडी नाक बाहेर न काढता वळते. पावसात ओल्या घाटात याची किंमत कळते. आपल्याकडे लेन आखलेली नाही, मधेच म्हैस, समोरून चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर, तिथे त्यातला गाडी लेनमध्ये धरून ठेवणारा लेन असिस्ट काय करणार. मला तर ती स्टिअरिंगची ओढाताण नकोच वाटते.

मागची_सीट

लेन असिस्ट बंद करता येतो की, पण ऑटो ब्रेकिंग चालू ठेवा. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका. आणि म्हैस आडवी आली तर ती मला दिसायच्या आधी कॅमेऱ्याला दिसली तर बिघडलं काय?

पान्हा_तेरा

मी बावीस वर्षं गाड्यांचं काम करतोय, कुठल्याच कंपनीचा नाही. ब्रेकवर बोलतो कारण व्हर्टसला मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि मागचा ड्रम म्हटलं की लोक उगाच नाक मुरडतात. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, थांबवायचं मोठं काम पुढच्या डिस्कच करतात, मागचं चाक त्यावेळी हलकं झालेलं असतं. ड्रम बंद डबा, चिखल-पाणी सहजासहजी आत जात नाही, लायनर वर्षानुवर्षं टिकतात आणि हँडब्रेक घट्ट बसतो. फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ या इलेक्ट्रिक गाड्यांना सुद्धा मागे ड्रमच दिलेत. त्यामुळे ड्रम म्हणजे धोका असं नाही. पण एक गोष्ट मलाही खटकते ती म्हणजे पुढच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या चिमट्याला, लाल रंग फासायचा आणि मागे ड्रम ठेवायचा. जे चाक दिसतं ते सजवायचं आणि जिथे खर्च आहे तिथे हात आखडायचा, याला मी डिझाइन म्हणत नाही.

आता गिअरबॉक्स. तुम्ही मॅन्युअल म्हणताय ते उत्तम. हीच गाडी १.५ मध्ये डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनची ऑटोमॅटिक, घेणार असाल तर ती ७ स्पीडची ड्राय क्लच आहे, आत दोन क्लच, तेलात बुडालेले नसतात. हायवेवर तिच्यासारखी मजा नाही, पण सिग्नलला अर्धा फूट पुढे, अर्धा फूट पुढे असं सारखं सरकवत राहिलं की क्लच घासतो आणि तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून एकदाच पुढे जा, एवढी सवय लावली तर आयुष्य वाढतं. ज्यांचं सगळं चालवणं हिंजवडी-वाकड ट्रॅफिकात आहे त्यांनी सरळ १.० टीएसआय घ्यावी, ११५ पीएस आहे, तिचा ६ स्पीड ऑटो टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा आहे, तो हे रांगणं निमूट सहन करतो.

सह्याद्री_उतार

काका, मान आहे तुमच्या अनुभवाला पण उतारावर ड्रमची बाजू घेऊ नका. बंद डबा म्हणजे उष्णता पण आतच राहते ना. पाच माणसं, डिकी भरलेली, आंबा घाटासारखा लांब उतार, सारखा ब्रेकवर पाय, तिथे डिस्क लवकर थंड होते. १५० पीएसची गाडी विकताय, नावात जीटी लावताय, तर मागे डिस्क द्यायलाच हवी. वेर्ना टर्बोला देता येते तर इथे का नाही?

पान्हा_तेरा

उष्णता आत राहते हे बरोबर, मान्य. पण सारखा ब्रेकवर पाय हेच चुकतंय. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, इंजिन ब्रेकिंग करू द्या, पाय फक्त वळणाआधी. डिस्क असलेल्या गाडीचे पॅड पण जळलेले पाहिलेत मी, वास आख्ख्या घाटात. तरी तुमचा मुद्दा उरतो की या किमतीत डिस्क द्यायला हवी होती, तिथे माझा वाद नाही.

निळी_पोलो

माझ्याकडे आधी पोलो जीटी टीएसआय होती, २०१३ साली आलेली ती १०५ पीएसवाली, त्यामुळे मन या घराण्याकडे ओढतंच. फोक्सवॅगनची आधीची सेडान वेंटो बघितलेल्यांना व्हर्टसची लांबी लगेच कळेल, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २५५३ वरून २६५१ मिलिमीटर झाला, ही जवळपास दहा सेंटिमीटर वाढ मागच्या गुडघ्यांना मिळालीय. डिझाइन साधं, सरळ रेघांचं आहे, दहा वर्षांनी पण जुनं वाटणार नाही. वेर्नाचा मागचा भाग मला अजून पचलेला नाही.

पण एसीचा टच पॅनल! घाटात एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, काच धुरकट झाली आणि तुम्ही त्या गुळगुळीत पट्टीवर बोट फिरवत बसणार, नजर रस्त्यावरून खाली. गोल खटका असता तर न बघता फिरवला असता. हँडलिंगवर एवढा जीव टाकलेल्या गाडीत हे कसं पास झालं मला कळत नाही. युरोपात क्रॅश टेस्ट करणारं युरो एनकॅप पण २०२६ पासून खरी बटणं मागतंय म्हणे.

टॉर्कवेडा

युरो एनकॅपची ती अट इंडिकेटर, हझार्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस म्हणजे आणीबाणीचा कॉल यांच्यासाठी आहे, एसी त्यात नाही. पण पॅनलबद्दल बोलताय ते खरंय. पावसाळ्यात घाट सुरू व्हायच्या आधीच डीफॉग लावून ठेवायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही, दुसरा उपाय नाही.

घाटमाथा_कराड

सगळ्यांचं नीट वाचलं. मागची_सीट ताई, गुडघ्यांचं मी खरंच धरलं नव्हतं. काल बाबांना विचारलं तर म्हणाले मला आत्ताच्या उंच गाडीत "चढायला" त्रास होतो, खाली बसायला नाही. आईचं उलट आहे, तिला उठताना आधार लागतो. तिचं मळमळणं थांबणं आणि गुडघे यात काय निवडायचं हे मी तिलाच विचारणार, मी ठरवणार नाही. ड्रमबद्दल काकांचं पटलं, गाडी घेतली तरी कॅलिपरच्या रंगाकडे बघून घेणार नाही. अ‍ॅडासवर मात्र अजून मन वळत नाही, दुसरीकडे बायको नेमकी ताईंच्या बाजूने आहे. म्हणून रविवारी वेर्ना टर्बो पण बघतोय, आणि यावेळी शोरूमभोवती एक चक्कर नको, पाचही जण बसून निदान कुंभार्लीच्या अलीकडच्या हेळवाकपर्यंत तरी न्यायला देतात का विचारतो.

मागची_सीट

हे बरोबर केलंत. एकच सांगते, जाताना मधल्या सीटवर स्वतः बसा आणि गाडी वहिनींना चालवायला द्या. परत आलात की इथे लिहा.